भाड्याने दिलेली साक्ष



हलाल उपजीविकेचा विचार करताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो: यात व्याज आहे काय? हा प्रश्न आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही. कमाईच्या एका नव्या मार्गाच्या आधारे हे तपासून पाहू.

2016 मध्ये 'स्टीम' हे आभासी चलन आणि त्यावर आधारलेले लेखनाचे व्यासपीठ सुरू झाले. तेथे नव्याने निर्माण होणाऱ्या नाण्यांचा एक भाग सामाईक निधीत जमा होतो. कोणत्या लेखाला त्यातून किती मिळावे, हे वाचकांच्या मतांवर ठरते. ज्याने जितकी नाणी अडकवून ठेवली असतील, तितके त्याच्या मताला वजन. नाण्यांची मालकी स्वतःकडे ठेवून हे वजन दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचीही सोय आहे. या सोयीतून मते विकणाऱ्या सेवा उभ्या राहिल्या. लेखक पैसे देई, सेवेची संगणक-प्रणाली त्याच्या लेखाला मत देई आणि आपले वजन सोपवणाऱ्यांना घरबसल्या उत्पन्नाचा वाटा मिळे.

आभासी चलनाच्या वैधतेविषयीच उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो प्रश्न येथे बाजूला ठेवू. वजन सोपवणारा म्हणेल, "मी कोणाला कर्ज दिले नाही, व्याज घेतले नाही. माझी वस्तू भाड्याने दिली आणि भाडे घेतले." शरीअतमध्ये भाडेकरार वैध आहे, हे खरेच. पण येथे भाड्याने दिले काय?

घर भाड्याने दिले तर निवारा दिला जातो. मत म्हणजे मात्र एक विधान आहे: 'हा लेख मोलाचा आहे.' मुफ्ती मुहम्मद शफी यांनी निवडणुकीतील मताला साक्ष, शिफारस आणि वकालत असे तिहेरी स्वरूप असल्याचे सांगितले आहे. निवडणुकीची जबाबदारी कितीतरी मोठी, हे मान्य. तरीही ज्या मतावरून सामाईक धन वाटले जाते, त्यातही साक्षीचा अंश आहेच. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये आणि कान, डोळे व हृदय यांचा जाब विचारला जाईल, असा पवित्र कुरआनचा इशारा आहे (17:36). येथे लेख प्रणालीने वाचलेला नसतो, तुम्हीही नाही. साक्ष मात्र तुमच्या बळावर दिली जाते.

यात कोणाची हानी होते? निधी मर्यादित आहे. विकत घेतलेल्या मताने एकाला जे मिळते, ते मते विकत न घेणाऱ्या प्रामाणिक लेखकाच्या वाट्यातून जाते. शिवाय तो लेख लोकप्रिय भासून वाचकही फसतो. खरेदीचा हेतू नसताना बोली चढवून इतरांना भुलवण्यास, म्हणजे 'नजश'ला, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. या व्यवहाराचे त्याच्याशी साम्य उघड आहे.

'मत मी दिले नाही, सेवेने दिले,' ही सबबही टिकत नाही. वकिलाने दिलेल्या अधिकारात केलेले काम अधिकार देणाऱ्याचेच ठरते. चांगल्या शिफारशीत जसा वाटा असतो, तसा वाईट शिफारशीच्या भारातही असतो (4:85).

याचा अर्थ अशी प्रत्येक सेवा निषिद्ध आहे असा नव्हे. काही चलनांमध्ये प्रतिनिधी व्यवहारांची खरी पडताळणी करतात आणि गैरवर्तन झाल्यास अडकवलेल्या नाण्यांतून दंड कापला जातो. तेथे श्रम आहेत, जोखीमही आहे. त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

ऑगस्ट 2019 मध्ये स्टीमचे नियम बदलले. मत देणाऱ्यांचा वाटा निम्म्यावर नेण्यात आला आणि विरोधी मत देणे सोपे झाले, जेणेकरून मतविक्रीचे आकर्षण घटावे. नियमांनी मोह कमी होतो, परंतु आपल्या अमानतीचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो. म्हणून आपली नाणी कोणाच्या हाती सोपवण्यापूर्वी 'किती मिळेल' याआधी 'माझ्या वतीने काय केले जाईल' हे विचारा. उत्तर मिळत नसेल, तर सोपवलेले परत घ्या. त्यात उत्पन्न बुडेल, पण खोट्या साक्षीचा भार उरणार नाही.

अल्लाह आपणा सर्वांना स्वच्छ उपजीविका आणि ती ओळखण्याची सद्बुद्धी प्रदान करो. आमीन.