परागकणातील भ्रूण आणि सत्कार्यवाद

कार्य कारणात आधीपासून असते की नव्याने उत्पन्न होते, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार ते कारणात अव्यक्त रूपाने असतेच. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील नवव्या कारिकेत त्यासाठी पाच हेतू दिले आहेत. न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद मात्र उत्पत्तीपूर्वी कार्याचे अस्तित्व नाकारतो. वनस्पतींच्या भ्रूणनिर्मितीवरील संशोधनात हा वाद नेमक्या रूपात तपासता येतो.

सपुष्प वनस्पतींत भ्रूण एरवी फलनानंतर बीजांडात तयार होतो. 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठातील शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश पोषक माध्यमावर वाढवले, तेव्हा त्यांतील अपक्व परागकणांपासून फलनाशिवाय भ्रूण निपजल्याचे आढळले. या वळणामागे बहुधा ताण असतो: उष्णता, थंडी किंवा उपासमार. मोहरीच्या कुळातील कॅनोलाचे लघुबीजाणू, म्हणजे अपक्व परागकण, 18 अंश सेल्सिअसला वाढवले तर त्यांचे परागकण होतात. 32 अंशांना ठेवले तर काहींचे भ्रूण होतात, अनेक मरतात. जनुकसंच तोच राहतो. कोणती जनुके व्यक्त होतात, ते बदलते.

येथे सांख्यमताला आधार मिळतो. अरॅबिडॉप्सिस या रोपात ‘पिकल’ नावाचे जनुक अंकुरणानंतर भ्रूणावस्थेतील जनुकांना दाबून ठेवते. ते निकामी झाले तर काही रोपांच्या मुळांतही भ्रूणाची लक्षणे उमटतात. बाहेरून काही घालावे लागत नाही, अडसर दूर झाला की पुरते. पतंजलीच्या योगसूत्रांतही निमित्ताचे काम एवढेच मानले आहे: शेतकरी पाण्याला ढकलत नाही, बांध फोडतो.

नैयायिकाचा आक्षेप तरीही उरतो. भ्रूण म्हणजे नुसती जनुके नव्हेत. कोंबाचे टोक, मुळाचे टोक, बीजपत्रे ही मांडणी लघुबीजाणूत कोठेही नसते. पेशींचे विभाजन आणि त्यांच्यातील संप्रेरकांची देवाणघेवाण यांतून ती उभी राहते. शिवाय त्याच पेशीचा परागकण होऊ शकतो, भ्रूण होऊ शकतो किंवा ती मरूही शकते. ही सारी कार्ये तिच्यात आधीच ‘आहेत’ म्हटले, तर ‘असणे’ या शब्दाला फारसा अर्थ राहत नाही. सांख्य यावर कारणातील शक्तीकडे बोट दाखवतो. पण शक्ती म्हणजेच अस्तित्व का, हाच तर वादाचा मुद्दा आहे.

जैन दर्शन दोन्ही बाजू सापेक्षतेने मान्य करते: द्रव्याच्या दृष्टीने कार्य आधी असते, पर्यायाच्या, म्हणजे बदलत्या अवस्थेच्या, दृष्टीने नसते. जनुकसंच टिकतो आणि रचना नवी घडते, या निरीक्षणाशी ही मांडणी बरीच जुळते. अर्थात त्यामुळे ती सिद्ध होत नाही.

शक्ती आणि अस्तित्व यांतील भेदाचा नैतिक परिणामही आहे. परागकणांपासून झालेल्या अशा एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) भ्रूणांची गुणसूत्रे दुप्पट करून पैदासकार एकाच पिढीत शुद्ध वाण मिळवतात, आणि त्या खटाटोपात असंख्य लघुबीजाणू नष्ट होतात. भ्रूण होण्याची शक्ती म्हणजेच भ्रूण मानले, तर प्रत्येक नाश भ्रूणाचा नाश ठरेल. तशी ती मानली नाही, तर तो एका पेशीचा नाश असेल. पेशीत काय आहे हे जीवशास्त्र सांगते. त्यातल्या कशाला अस्तित्व म्हणायचे, हे ठरवणे दर्शनाकडेच राहते.