खोली फिरत नाही, हे कळूनही

माधवनगरात पहाटे कूस बदलताना एखाद्या आजींना खोली गरगरा फिरताना दिसते. खोली जागेवरच आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी फिरणं थांबत नाही. अशा तक्रारी सांगली-मिरजेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या रोजच्या परिचयाच्या. अद्वैत वेदान्तातला एक जुना पेच मात्र त्यांतून नव्याने पुढे येतो: भ्रम ज्ञानाने जातो म्हणतात, मग हा का जात नाही?

वेदान्त्यांकडे उत्तर आहे. दोरीवर भासलेला साप दिवा आणताच नाहीसा होतो. हा निरुपाधिक भ्रम. पण लाल जास्वंदीशेजारचा स्फटिक मुळात रंगहीन आहे हे कळलं, तरी तो लालच दिसतो, कारण फूल अजून तिथेच आहे. हा सोपाधिक भ्रम. उपाधी, म्हणजे इथे ते फूल, हटेपर्यंत तो टिकतो.

आजींच्या कानात अशीच खरीखुरी उपाधी असू शकते. अंतर्कर्णातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोकं वळताच आतला द्रव ढवळतो आणि मेंदूला न घडलेल्या हालचालीची खबर जाते. अमेरिकेतले डॉ. जॉन एप्ली यांनी मांडलेल्या पद्धतीत डोकं ठरावीक क्रमाने वळवून हे कण नलिकेबाहेर काढतात. काम काही मिनिटांचं. फूल उचललं, स्फटिक स्वच्छ.

पण तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूला सूज येऊन एका कानाची क्षमता कायमची घटली, तर उचलायला फूलच नसतं. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी अशा रुग्णांसाठी व्यायाम बसवले: नजर बोटावर रोखून मान हलवणं, डोळे मिटून उभं राहणं, चालता चालता डोकं वळवणं. ज्या हालचालीने गरगरतं, तीच सोसवेल तेवढी पुन्हा पुन्हा करायची. मेंदू हळूहळू नवा हिशेब शिकतो. अंथरूण धरलं किंवा भोवळ दाबणाऱ्या गोळ्या फार दिवस चालू ठेवल्या, तर हे शिकणं लांबतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनावर दोन उपाय सांगितले आहेत, अभ्यास आणि वैराग्य. इथे पहिलाच कामाचा. हालचालीचं वैराग्य उलट महागात पडतं.

जीवन्मुक्ताला, म्हणजे जिवंतपणीच ज्ञानाने मुक्त झालेल्यालाही, जग दिसत राहतं, फक्त ते त्याला फसवत नाही, असं वेदान्ती म्हणतात. चक्कर येणारा रुग्ण तर पहिल्या दिवसापासून फसलेला नसतो. तरी त्याला कित्येक आठवडे भिंतीपाशी उभं राहून मान डावी-उजवीकडे हलवत राहावं लागतं.