कॉलेज बदलले की खेळाडू कुणाचा?

निपाणीच्या एकाच गल्लीतली दोन पोरे बारावी झाल्यावर दोन वेगळ्या राज्यांची खेळाडू होऊ शकतात. गावातल्या बागेवाडी कॉलेजात नाव घातले की राणी चन्नम्मा विद्यापीठ, म्हणजे कर्नाटक आणि दक्षिण विभाग. गावाला खेटून असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात घातले की शिवाजी विद्यापीठ, म्हणजे महाराष्ट्र आणि पश्चिम विभाग. निपाणी कर्नाटकात, अर्जुननगर कागल तालुक्यात. बेळगावजवळच्या उचगावचेही काही वेगळे नाही. वेंगुर्ले रस्त्याने एकीकडे गेले की बेळगावची कॉलेजे, दुसरीकडे शिनोळी आली की चंदगड तालुका आणि शिवाजी विद्यापीठाचा शिक्का.

आता समजा, उचगावची एखादी मुलगी बेळगावात पहिले वर्ष करते आणि चांगल्या प्रशिक्षकासाठी दुसऱ्या वर्षाला कोल्हापूरला जायचे ठरवते. तिला मायग्रेशन सर्टिफिकेट काढावे लागेल. क्रेडिट जुळवण्याची कटकट वेगळीच: महाराष्ट्र नव्या शैक्षणिक धोरणाने चाललेला, आणि कर्नाटकाने २०२४ मध्ये चार वर्षांची पदवी मागे घेतलेली. हे सगळे पार पडल्यावर खरा प्रश्न येतो. तिला नव्या विद्यापीठाकडून लगेच खेळू द्यायचे, की एक वर्ष बाहेर बसवायचे?

थांबवा म्हणणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. पंजाबातली मोठी खासगी विद्यापीठे शुल्कमाफी देऊन देशभरातून खेळाडू उचलतात. आंतरविद्यापीठ स्पर्धांतल्या गुणांवर विद्यापीठाला मिळणाऱ्या मौलाना आझाद करंडकाच्या शर्यतीत आयते पदक सगळ्यांनाच हवे असते. लहान कॉलेजातल्या क्रीडाशिक्षकाने दोन वर्षे घडवलेली मुलगी कुणीतरी ऐन मोक्याला उचलून नेली, तर पुढच्या मुलीवर तो कशाला राबेल?

अमेरिकेने या प्रश्नाची दोन्ही टोके पाहिली आहेत. तिथल्या एनसीएए या संघटनेच्या नियमानुसार फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत कॉलेज बदलणाऱ्याला वर्षभर बसून राहावे लागे. प्रशिक्षक मात्र जास्त पगारासाठी हंगाम संपताच खुशाल दुसरीकडे जात, त्यांना कुणी थांबवत नसे. २०२१ मध्ये खेळाडूला एकदा विनाप्रतीक्षा जायची मुभा मिळाली. मग राज्ये न्यायालयात गेली आणि २०२४ मध्ये, अभ्यासात पास असेल तर, कितीही वेळा जाण्याची वाट मोकळी झाली. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने एकेका विद्यापीठाला पहिल्या वर्षी खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटायची मुभा दिली. आता तिथे दर हंगामाला बाजार भरतो आणि प्रशिक्षकांना आपल्याच संघातली तोंडे नव्याने ओळखून घ्यावी लागतात. त्या बाजारावर नाक मुरडणे सोपे आहे. पण आधीची व्यवस्था तरी कुठे सोवळी होती? कोट्यवधींची कमाई होतच होती, फक्त खेळणाऱ्याला त्यात वाटा नव्हता.

आपल्याकडे वाटण्यासारखा पैसाच नाही. म्हणून निकष दुसरा हवा: अडवणाऱ्याने त्या खेळाडूसाठी काय केले? कुस्तीगीर खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. अशा माणसाने 'पोरगा आमचा' म्हटले तर ते शोभते. ज्या कॉलेजाने बुटाचे पैसेही दिले नाहीत, सरावाला मैदान दिले नाही, हजेरीवर मात्र खाडा मांडला, त्याने ना हरकतीच्या सहीसाठी वर्षभर खेटे घालायला लावणे म्हणजे नुसती अडवणूक. शिवाय कॉलेजच्या खेळाडूकडे वर्षे असतात किती? आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची मर्यादा आहे आणि पदवी बहुतेकांची तीनच वर्षांची. त्यातले एक वर्ष बसून काढणे म्हणजे तिसरा हिस्सा गेला.

सीमाभागात तर हे थांबवणे जास्तच विचित्र दिसते. बेळगावचे लिंगराज आणि कोल्हापूरचे राजाराम ही दोन्ही कॉलेजे एकेकाळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. तेव्हा बेळगावहून कोल्हापूरला गेलेला विद्यार्थी विद्यापीठ सोडून जातच नव्हता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा (चंदगड तालुका वगळून) मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढ्या मोठ्या बदलीला इथल्या माणसांची ना हरकत कुणी मागितली नव्हती, आणि अठरा वर्षांच्या पोरीला मात्र ती तीन टेबलांवरून आणावी लागते.

कुस्तीने हे फार आधी सोडवले आहे. हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. घडले कोल्हापूरच्या तालमीत, आणि १९५९ मध्ये किताब मिळवला दिल्लीत. ते कर्नाटकाचे की महाराष्ट्राचे, यावर आखाड्यात कुणी डोके फोडले नाही. गावच्या वस्तादाला सांगून, पाया पडून मोठ्या तालमीत जायचे, ही रीत. आणि मैदानात जोड लागते तेव्हा पैलवानाचे गाव पुकारले जाते, तालीमही पुकारली जाते. वस्तादाची चटणी-भाकर सरली म्हणून त्याचे नाव पुसत नाहीत. (वस्तादांचे रुसवे-फुगवे होतातच, त्याला औषध नाही.)

विद्यापीठांनी हेच कागदावर आणावे. मुलीला जाऊ द्यावे आणि त्याच हंगामात खेळू द्यावे. पण पहिली दोन वर्षे तिच्या पदकाच्या गुणांतला काही हिस्सा जुन्या विद्यापीठाच्या खात्यात पडावा, आणि प्रमाणपत्रावर दोन्ही कॉलेजांची नावे छापली जावीत. सराव दिल्याची नोंद दाखवता आली तरच तो हिस्सा मिळावा, नाहीतर नाही. बेळगावच्या क्रीडाशिक्षकाला आपल्या मुलीचे नाव कोल्हापूरच्या यादीत दिसले, तर प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायला त्याच्याकडेही एक कागद असेल. पुढच्या वर्षी मॅटसाठी पैसे मागताना तो उपयोगी पडेल.