आहे, पण उघडत नाही

विंडोज कुरकुर करायला लागलं की दुकानदार सरळ फॉरमॅट मारायला सांगतो. डेटा ‘डी’ ड्राइव्हला आहे ना, मग काळजी नाही. नवी विंडोज चढते, जुना फोल्डर जागच्या जागी असतो. फाइलचं नाव दिसतं, साइज दिसते, शेवटचा बदल कधी केला ती तारीखही दिसते. चिन्हावर एक बारीकसं कुलूप असतं. डबल-क्लिक केलं की उत्तर येतं, परवानगी नाही. कधीतरी प्रॉपर्टीजच्या आतल्या एका चौकटीत टिक केलेली असते आणि विंडोजने त्यासाठी गुपचूप एक प्रमाणपत्र तयार केलेलं असतं. ते वेगळं जपून ठेवायचं असतं हे कुणाच्या गावी नसतं. जुन्या विंडोजबरोबर तेही पुसलं जातं. ही सोय विंडोज २००० पासून आहे, आणि तेव्हापासून ती माणसांना अशीच दारात उभं करत आली आहे.

डिस्क जळाली किंवा लॅपटॉप चोरीला गेला तर प्रश्न उरत नाही. इथे मात्र एक बिटही हललेला नसतो. मग गेलं काय? दुकानदाराकडे याचं उत्तर नसतं. नाशिकसारख्या गावात ते दर्शनकारांकडे मागायला हरकत नाही.

नैयायिक अभावाचे चार प्रकार मानतात. वस्तू होण्याआधीचा प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, घट म्हणजे पट नव्हे हा अन्योन्याभाव, आणि मुळातच कधी नसणं हा अत्यंताभाव. कुलूपबंद फाइल यांतल्या एकाही खणात नीट बसत नाही. प्रध्वंसाभाव जवळचा वाटतो खरा. पण फुटलेला घट कुणी पुन्हा आणून दाखवत नाही, आणि इथे ते प्रमाणपत्र एखाद्या जुन्या पेनड्राइव्हवर सापडलं तर सगळं क्षणात पूर्ववत होतं.

सांख्यांचं उत्तर जास्त कामाचं आहे. वस्तू असूनही न दिसण्याची आठ कारणं ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या सातव्या कारिकेत दिली आहेत. फार दूर असणं, फार जवळ असणं, इंद्रियाचा दोष, मन ठिकाणावर नसणं, सूक्ष्मता, मध्ये आडपडदा, अधिक प्रखर वस्तूने झाकलं जाणं, आणि सारख्याच गोष्टींत मिसळून जाणं. पासवर्ड विसरणाऱ्याला चौथं कारण लागू पडतं, फाइलला आठवं. कारिकेचा टीकाकार वाचस्पतिमिश्र इथे तळ्यात पडलेल्या पावसाच्या थेंबाचं उदाहरण देतो. थेंब तळ्यात आहे, पण हा तो थेंब असं बोट ठेवता येत नाही. चांगल्या एन्क्रिप्शनची कसोटी नेमकी हीच असते: बंद मजकूर आणि नुसते उधळलेले आकडे यांत किल्लीवाचून फरक करता येऊ नये. व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर तर आपल्या तिजोरीतली रिकामी जागाही अशा आकड्यांनीच भरून ठेवतं. आत आणखी एखादा चोरकप्पा आहे की नाही, हे त्यामुळे कुणालाच सांगता येत नाही.

पण किल्ली नसताना ‘आत आहे’ हे म्हणायचं कशाच्या जोरावर? २०१८ च्या डिसेंबरात कॅनडातल्या क्वाड्रिगा सीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचा तरुण मालक जेराल्ड कॉटन जयपूरमध्ये वारला. त्याचा लॅपटॉप एन्क्रिप्टेड होता, पासवर्ड एकट्या त्याला ठाऊक होता, त्यामुळे ग्राहकांचे कोट्यवधी डॉलर आत अडकले, असं त्याच्या पत्नीने कोर्टाला सांगितलं. ग्राहक कुलपाकडे डोळे लावून बसले. पुढे चौकशी करणाऱ्यांनी ब्लॉकचेनवरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पैसे ठेवल्याचं सांगितलेली खाती काही महिने आधीच रिकामी झालेली निघाली. २०२० मध्ये ऑन्टारियोच्या सिक्युरिटीज कमिशनने याला सरळ फसवणूक म्हटलं. सांख्याची आठ कारणं वस्तू मुळात आहे असं धरूनच सुरू होतात, ही त्यांची मर्यादा.

बौद्धांनी ती आधीच हेरली होती. धर्मकीर्तीच्या मते जे काही कार्य करू शकतं तेच खरं अस्तित्वात आहे. अर्थक्रिया नाही तर सत्ता नाही. न उघडणारा फोटो जागा अडवतो, एवढीच त्याची अर्थक्रिया. म्हणजे जागा अडवणारी फाइल आहे, फोटो नाही. निवाडा कठोर आहे, पण पटतो.

पटतो म्हणावं तर नाशिकपासून आठ-नऊ किलोमीटरवरची बौद्धांचीच लेणी आडवी येतात. त्रिरश्मी डोंगरावरच्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला हा मजकूर एखाद्या मुदत ठेवीच्या पावतीसारखा नेटका आहे. तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला कधीच हात न लावायची ठेव. गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांचा आणि इतर खर्च. शेवटी हेही नोंदवलं आहे की हा व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर लिहिला गेला. सभेच्या कानांवर एक प्रत, फळ्यावर एक, कातळावर एक. बॅकअप ठेवावा तो उषवदाताने.

तरीही किल्ली हरवली. ब्राह्मी वाचणारे संपले, आणि शतकानुशतकं हा मजकूर सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडा राहूनही बंद झाला. लोकांनी लेणी पांडवांच्या नावावर चढवली. या काळात उषवदाताचं दान नव्हतं असं धर्मकीर्तीने म्हटलं असतं का? १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या लेखांवरून ब्राह्मी उकलली. पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि भगवानलाल इंद्रजी यांनी नाशिकचे लेख वाचले, आणि विणकरांचे व्याजदर पुन्हा बोलू लागले.

फाइल गमावलेल्या माणसाला हा इतिहास धीर देतो, पण तो धीर खोटा आहे. प्रिन्सेपला वाट सापडली कारण सांचीच्या बहुतेक छोट्या लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरं येत होती. ती ‘दानं’ असणार हा तर्क त्याने लढवला आणि पुढचा सगळा गुंता सुटत गेला. माणूस लिहितो तेव्हा पुनरावृत्ती होतेच, आणि पुनरावृत्ती चुगली करते. आधुनिक एन्क्रिप्शनचा सगळा खटाटोप ही चुगली बंद करण्यासाठी आहे. २००१ मध्ये अमेरिकेने प्रमाण ठरवलेली एईएस ही दोन बेल्जियन क्रिप्टोग्राफरांची पद्धत आज जगभर चालते. तिच्या २५६ बिटांच्या किल्ल्यांची संख्या लिहायला ७८ आकडे लागतात. क्वांटम संगणक आले तरी या जातीच्या कुलपाचं बळ घटेल, मोडणार नाही. इथे भावी प्रिन्सेपची वाट पाहण्यात अर्थ नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. हे कुलूप चोराला आणि मालकाला एकाच तागडीत तोलतं. आपल्याकडे धर्मशास्त्राने वस्तूपेक्षा अधिकाराचा विचार जास्त केला. श्राद्ध कुणी करायचं, तो नसेल तर कुणी, तोही नसेल तर कुणी, अशी लांबलचक उतरंड लावून ठेवली. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्या माणसाला तीर्थोपाध्याय गाव विचारतात, आडनाव विचारतात आणि वही काढतात. पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, हे त्या वहीत निघतं. कित्येक जुन्या नोंदी मोडीत आहेत, त्या वाचायला जाणता माणूस लागतो. पण मागणाऱ्याचा अधिकार नात्याने ठरतो, त्याला काय पाठ आहे यावर नाही. तोच माणूस घरी जाऊन वडिलांचा लॅपटॉप उघडतो तेव्हा निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. तू कोण, हे तिथे कुणी विचारत नाही. स्वतः मालक समोर बसला असला तरी तेच. स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरचे ७,००२ बिटकॉइन एका पेनड्राइव्हमध्ये आहेत, पासवर्ड लिहिलेला कागद हरवला आहे, आणि ते यंत्र दहाच संधी देतं. २०२१ च्या जानेवारीत ही बातमी जगभर झाली तेव्हा आठ संधी संपल्या होत्या.

गुपित जपायचं आणि एका माणसाबरोबर संपूही द्यायचं नाही, हा पेच धर्मपरंपरांना नवा नाही. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाट चुकलेल्या निवृत्तीला गुहेत गहिनीनाथ भेटले आणि त्यांनी उपदेश दिला, असं परंपरा सांगते. आदिनाथापासून एकाने दुसऱ्याला द्यायचं, असं ते चालत आलं होतं. मध्ये एक जण न देता गेला असता तर सगळंच खुंटलं असतं. निवृत्तिनाथांनी ते ज्ञानदेवाला दिलं, आणि शके १२१२ मध्ये ज्ञानदेवाने मराठीत सगळ्यांपुढे मांडलं. किल्ली देताना पात्र पारखायचं हा नाथांचा नियम. पारखायला माणूस असतो हे त्यात गृहीत आहे.

आज ती जागा कंपनीने घेतली आहे. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की बहुधा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. कित्येकांना पहिल्यांदा निळा पडदा दिसेपर्यंत कुलूप असल्याचंच माहीत नसतं, आणि खातं दुकानदाराने कुठल्या तरी ईमेलवर उघडून दिलेलं असतं. ज्यांना कंपनीवर विसंबायचं नाही त्यांच्यासाठी इस्रायली गणितज्ञ आदी शमीर याने १९७९ मध्ये एक तोड काढून ठेवली आहे. किल्लीचे पाच वाटे करायचे, पाच भावंडांना द्यायचे. कुठलेही तीन एकत्र आले की कुलूप उघडतं, दोघांना मात्र ओ की ठो कळत नाही. वडिलोपार्जित घराच्या वाटणीनंतर तीन भावंडं एका टेबलाशी कशी बसवायची, हे शमीरच्या गणितात नाही.