सगळ्यात काळं कुठं?

वरोऱ्याजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या गिरिजाच्या दंडावर फिकट चट्टे होते. पदराखाली असल्यामुळे ते कुणाला दिसले नाहीत आणि दुखत नसल्यामुळे तिनेही कुणाला दाखवले नाहीत. एके दिवशी भाकरी टाकताना तव्याची कड दंडाला लागली. कातडं करपल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं. चटका जाणवलाच नव्हता.

दवाखान्यात महारोग निघाला. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन अशी तीन औषधं, २८ दिवसांचं एक पाकीट, अशी १२ पाकिटं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला हा इलाज. रोग पुरता बरा होतो. मात्र यातलं क्लोफाझिमिन मुळात रंगच आहे, ते कातडीत साठतं. चौथ्या महिन्यात गिरिजाचं तोंड आधी विटकरी झालं, मग काळसर.

महारोग्यांसाठी उभं राहिलेलं आनंदवन इथून लांब नाही. तरी गावाला रोगापेक्षा रंगाचीच काळजी जास्त. सगळ्यात मोठा आवाज सासूचा. म्हातारी केतकीसारखी गोरी, भर उन्हाळ्यातही पदर पाठीवर आवळून बसणारी. "पोरीचं लग्न तोंडावर आलं अन् हे थोबाड! चट्टे होते तवा बरी दिसत होतीस. बंद कर त्या गोळ्या."

गिरिजाने पाकीट तुरीच्या कोठीत खुपसलं.

पुढच्या महिन्यात आशाताई आली आणि रिकामं पाकीट मागितलं. कोठीतून निघालं ते अर्धं भरलेलं, तुरीच्या भुशाने माखलेलं. ती रागावली नाही. गिरिजाची बाही वर सारून म्हणाली, "सगळ्यात काळं कुठं हाय? बोट ठेव."

बोट नेमकं जुन्या चट्ट्यावर पडलं.

"रोग होता, तिथंच औषध जास्त बसते. गोळ्या संपल्या का रंग हळूहळू उतरते, महिने लागतात. मधेच सोडल्या, तरी रंग उतरंल. पण..." पुढचं ती बोलली नाही. तव्याच्या डागावरून तिने फक्त अंगठा फिरवला. गिरिजाला तो कळला नाही.

गिरिजाने पाण्याचा पेला उचलला. आशाताई चपला घालत होती, तेवढ्यात सासू ओसरीवर आली. बाहेर कुणी नाही, हे पाहून तिने दार लोटलं.

"थांब वं बाई. माह्या पाठीवर काही हाय का, पाहून देतेस? खाजत नाही, दुखत नाही... लई दिसाचं हाय."