‘तुम्ही बसा’ म्हणू नका



आपल्या बोलण्यात एक वाक्य दयेचे सोंग घेऊन येते. म्हातारे माणूस उठू लागले, लंगडता माणूस पुढे आला, की आपण चटकन म्हणतो, ‘तुम्ही बसा हो, कशाला त्रास!’ ऐकायला गोड. पण परिणामी हे वाक्य माणसाचे बळ हरण करणारे आहे. हे आम्ही दुसऱ्याचे उणे काढण्यासाठी सांगत नाही. हा अपराध आमच्याच तोंडून घडला आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात आमचे कीर्तन होते. मृदंग रंगात आला, मंडळींनी पावली धरली. तेवढ्यात एक गृहस्थ रांगेत येऊन उभे राहिले. लहानपणी पोलिओने एक पाय वाळलेला, काखेत कुबडी, गळ्यात टाळ. आम्हीच म्हणालो, ‘माउली, तुम्ही बसा. धक्का लागेल.’ ते मुकाट्याने बसले. पुढल्या वर्षी त्याच गावी गेलो, तो हे कीर्तनाला नाहीत. विचारीत विचारीत घरी गेलो. ते म्हणाले, ‘महाराज, पाय लहानपणीच अधू झाला होता. त्या दिवशी चार लोकांत मी सगळाच अधू झालो.’ काय उत्तर द्यावे? इतकी वर्षे व्याकरण घोकले, वेदान्त पढलो. पण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटेना.

आणि नवल असे की, कूर्मदासाचे आख्यान आम्ही शेकडो वेळा लावलेले! पैठणचा कूर्मदास. हात नाहीत, पाय नाहीत. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि निघाला. कसा? लोळत, सरपटत. वाटेत लोक काय म्हणाले असतील? हेच की, ‘बाबा, तू बस. तुला कशाला वारी!’ तो बसला नाही. माढे तालुक्यातल्या लऊळ गावापर्यंत आला, तिथे देह थकला. आणि संप्रदायात सांगतात की विठ्ठल स्वतः तिथवर त्याला सामोरा आला. आता मर्म पाहा. देवाला पैठणच्या अंगणातच दर्शन देता आले नसते काय? पण त्याने कूर्मदासाची वाट काढून घेतली नाही. त्याला चालवेल तेवढी वाट त्याला चालू दिली, आणि उरलेली आपण चालला. दया करावी ती अशी.

हेच मर्म परदेशात एका वैद्याने जाणले. डॉ. लुडविग गुटमन हे मूळचे जर्मनीतले ज्यू. छळामुळे देश सोडून १९३९ साली ते इंग्लंडात आले. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात १९४४ साली त्यांच्या हाताखाली एक विभाग निघाला. तोवर अशा रोग्याला केवळ निजवून ठेवीत. पाठीला जखमा पडत, मूत्रमार्ग बिघडे, आणि पुष्कळ जण त्यातच जात. गुटमन यांनी त्यांची कूस वेळोवेळी पालटविली, त्यांना उठवून बसविले, आणि हाती धनुष्यबाण दिले! २९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी इकडे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या १६ जणांचा तिरंदाजीचा सामना झाला. त्यांत दोन स्त्रिया होत्या. त्याच रोपट्याला १९६० साली रोम येथे पॅरालिम्पिकचे फळ आले.

बरे, हे परदेशातलेच उदाहरण नको. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर घ्या. सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचे बळ गेले. उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेऊन आले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘आता तुम्ही बसा’ असे कोणी म्हटले असते आणि त्यांनी ते मानले असते, तर?

तुम्ही म्हणाल, ‘महाराज, ते जवान. आम्ही सत्तरी गाठलेली माणसे, आम्हांला पदक घेऊन काय करायचे?’ खरे आहे. पण आपल्याला उंबरा ओलांडायचा आहे ना? देवळाची पायरी चढायची आहे ना? आमचीही साठी उलटली, गुडघा कुरकुरतो. घरी सूनबाई म्हणतात, ‘मामंजी, तुम्ही बसा.’ तेव्हा त्या गृहस्थांची आठवण होते, आणि आम्ही काठी घेऊन उठतो. अंग वापरले नाही तर मांडीचे मांस झडते, तोल जातो. मग एकदा माणूस पडले की अंथरूण धरते.

किती करावे? सुश्रुताने सांगून ठेवले आहे की व्यायाम अर्ध्या बळाने करावा. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धे बळ संपले असे समजावे. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की वृद्धांनीही आठवड्यात निदान १५० मिनिटे अंग हलवावे, आणि तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम करावे. अपंगांसाठी स्वतंत्र उपदेश त्या संघटनेने तेव्हाच प्रथम केला. त्यांनाही जमेल तेवढी हालचाल हितकरच म्हटली आहे. दीडशे मिनिटे म्हणजे रोजची वीस-बावीस. हरिपाठाला तेवढा वेळ जातोच! मग खांबाला हात लावून एका पायावर क्षणभर उभे राहा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. उभे राहवत नसेल तर बसल्या जागी टाळ डोक्यावर नेऊन वाजवा. छातीत कळ आली, घेरी आली, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हट्ट नको, आळसही नको.

आपला संप्रदाय तरी बसणाऱ्यांचा कुठे आहे? हुतूतू, हमामा, फुगडी या खेळांवर संतांनी अभंग रचले. वाळवंटी खेळ मांडला तो काय धडधाकटांपुरताच?

आमच्यापुरते म्हणाल, तर आता कीर्तनात पावलीच्या रांगेचा कडेचा भाग आम्ही राखून ठेवतो. ज्याचा पाय चालत नाही त्याने तिथे यावे. शेजारच्याने खांदा द्यावा. पावली त्याच्या बेताने पडावी. त्या गृहस्थांची आम्ही क्षमा मागितली. ते पुन्हा आले. कुबडी जमिनीवर पडे ती बरोबर तालात.

म्हणून हात जोडून एवढेच मागणे आहे: घरात, देवळात, दिंडीत कोणाला ‘तुम्ही बसा’ म्हणण्याआधी विचारा, ‘माउली, येता का?’ आणि ते उठले की आपला खांदा पुढे करा.

राम कृष्ण हरि.