वाट चुकलेल्याचं काय होतं?



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या ३७ ते ४० या श्लोकांवर. अर्जुन विचारतोय, देवा, श्रद्धा आहे, पण मन मधेच वाटेवरून ढळलं तर त्या माणसाचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का?

हा प्रश्न वाचला की मला 'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट गोडसे आठवतात. पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार हे ऐकून १८५७ साली काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेतच बंडाची बातमी आली. अनोळखी मुलूख, रानावनातल्या वाटा, एकीकडे लुटारू, दुसरीकडे इंग्रजांची फौज. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा दोघे शहरातच होते. कत्तल डोळ्यांनी पाहिली, मिळवलेली दक्षिणा लुटीत गेली. पुढे काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेल्या राणी लक्ष्मीबाई भेटल्या. भटजी पाणी काढायला पुढे झाले, तर बाईंनी त्यांना थांबवून स्वतःच पाणी काढलं. राज्य गेलं होतं, रीत सुटली नव्हती.

आणि भटजी? पैसा आणायला गेलेला हा माणूस गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतला. आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं.

आता कुणी विचारेल, झाशीत कितीतरी सज्जन मारले गेले, त्यांचं काय? खरा प्रश्न आहे, टाळू नये. भगवंत 'तुझ्या जिवाला धक्का लागणार नाही' असं म्हणतच नाहीत. ते म्हणतात, चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही, ना इथे, ना पुढे. केलेली साधना वाया जात नाही. देह पडला तरी पुढच्या जन्मी ती तिथूनच सुरू होते.

पुण्यात नोकरीसाठी आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना वाटतं, 'ठरवलं काय होतं आणि चाललंय काय!' मोबाइलवरचा मॅप चुकलेलं वळण लगेच सांगतो, आयुष्याचं नाही सांगत. तेव्हा खांद्यावर काय आहे ते बघा. रोजचं नामस्मरण, आईवडिलांची सेवा, शब्दाला जागणं. तेवढी कावड खाली ठेवू नका.

आज एक माळ जास्त करू या, आणि घरी एक फोन.

रामकृष्णहरी!